भिंत, बाक आणि बारव

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यातील बहुतेक ज्येष्ठांच्या कानावरून गेलेली असते. व्यापारउदिमाने भरभराटलेल्या या नगरीचे कौतुक त्या चार शब्दांत साठले आहे. पाळणा हा तान्ह्यासाठी असतो. वयाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेल्या माणसाला याच गावात घटकाभर टेकायला जागा कोठे आहे, असा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

वाचकहो, उतारवयात माणसाचा भूगोल कसा आक्रसत जातो, हे आपण आपल्या घरात पाहिले असेल. प्रथम लांबचा बाजार सुटतो. मग टेकडीवरच्या देवीचे दर्शन पायथ्यावरून होऊ लागते. पुढे नदीकाठ दुरावतो, मग गल्लीचे वळण, आणि अखेरीस घराच्या ओट्यापुरते जग उरते. आपण या सर्वांचा दोष गुडघ्यांना देतो. गुडघे दुखतात हे खरेच. परंतु पुष्कळदा पाऊल अडते ते वाटेत बसायला बाक नाही म्हणून, पायऱ्यांना कठडा नाही म्हणून, किंवा वळणावरच्या कोपऱ्यात उकिरडा आणि अंधार आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याच्या हालचालींचाही सराव ठेवावा. डॉक्टर सांगतात, 'चालत जा.' घरातले विचारतात, 'कुठे जाऊ द्यायचे?'

या प्रश्नाचे एक उत्तर गावातल्या कलावंतांच्या हाती आहे, असे मला वाटते. ते तपासण्यासाठी आपण जालना जिल्ह्यातून एक फेरी मारू: उत्तरेस भोकरदन, मध्ये जालना शहर आणि दक्षिणेस अंबड. त्यानंतर महाराष्ट्रात इतरत्र काय घडले आहे ते पाहू, आणि आपल्या गल्लीकडे परतू.

भोकरदन : दात्यांचे गाव

केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नदीच्या काठावर खडकात कोरलेले लेणे आजही आहे. परंतु या गावाची अधिक मोलाची नोंद दूर मध्य प्रदेशात, सांचीच्या स्तूपावर सापडते. तेथील दगडी कठड्यांवर आणि फरशीवर ते काम ज्यांच्या दानातून झाले, त्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेकडो लेखांत भोगवर्धनहून आलेले दातेही आहेत. सांचीच्या दात्यांमध्ये केवळ राजे नव्हते. गृहस्थ होते, व्यापारी होते, भिक्षू आणि भिक्षुणी होत्या, आणि अनेक सामान्य स्त्रिया होत्या. कोणी एका खांबाचा भार उचलला, कोणी कठड्याच्या एका पट्टीचा. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी, हे कोरीवकाम आपण केले, असे नोंदवून ठेवले आहे.

भोगवर्धनलाही हस्तिदंताची कारागिरी परिचित होती. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती भग्न आहे. पण तिचे साम्य एका विलक्षण वस्तूशी आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती भोकरदनच्या मूर्तीच्या जवळची असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

हा इतिहास आरोग्याच्या पाक्षिकात सांगण्याचे कारण एवढेच, की सार्वजनिक जागेचे सौंदर्य ही सरकारने द्यावयाची देणगी आहे, अशी आपली समजूत फार जुनी नाही. या जिल्ह्यातील माणसे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देत होती, कारागिराला काम देत होती, आणि ते काम सर्वांसाठी खुले ठेवीत होती.

जालना : सराईची शिकवण

भोकरदनहून राजूरच्या गणपतीवरून दक्षिणेकडे आले की जालना लागते. कुंडलिका नदीने या शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग केले आहेत. सोळाव्या शतकात जमशेदखानाच्या कारकिर्दीत येथे काळी मशीद उभी राहिली, आणि तिच्यासोबत हमाम व सराई बांधली गेली. मोती तलावाचे पाणी भूमिगत नळांनी गावात आणले गेले, आणि सराईच्या चौकातही त्याचा हौद होता. थकलेल्या वाटसरूला सावली, स्नान आणि पाणी एकाच ठिकाणी मिळावे, हा त्यामागचा विचार. आजच्या भाषेत सांगायचे तर गाव आखणाऱ्याने दमणाऱ्या माणसाचा हिशेब आधीच धरला होता.

आता आपल्या आजच्या वाटेकडे पाहा. कोणत्याही तालुक्याच्या गावी काही जागा अशा असतात, की त्या सर्वांना दिसतात आणि कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. दवाखान्याची लांबच लांब संरक्षक भिंत, बसस्थानकामागचा कोपरा, पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा, शाळेच्या कुंपणाबाहेरचा पट्टा. तेथे कचरा साचतो, भिंती पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगतात, आणि संध्याकाळ झाली की ज्येष्ठ माणूस ती वाट टाळतो.

या जागा बदलू शकतील असे हात गावातच आहेत. दुकानांच्या पाट्या आणि मालमोटारींच्या फळ्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सच्या लाटेत बेरोजगार झाले. त्यांची अक्षरे अजूनही सुरेख आहेत. शाळांतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक आहेत. गणपती घडवणारी कुटुंबे आहेत, पाथरवट आहेत. आणि जालना हे तर लोखंडाचे गाव. येथील कारखान्यांतून बांधकामाच्या सळया सर्वदूर जातात. त्याच लोखंडाचा नक्षीदार कठडा किंवा पाठ टेकता येईल असा बाक येथील वेल्डिंगवाल्याने केला, तर त्याला कलाकृती का म्हणू नये? ज्याचा हात थरथरतो, त्याच्या दृष्टीने घट्ट बसवलेल्या कठड्याएवढी सुंदर वस्तू दुसरी नाही.

अंबड : जेथे रंग लावू नये

जालन्याच्या दक्षिणेस अंबड आहे. मत्स्योदरी देवीचे हे स्थान. डोंगराचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. अंबड एकेकाळी होळकरांकडे होते, आणि येथील बारवेचा संबंध अहिल्याबाईंच्या काळाशी जोडला जातो. बारव म्हणजे पायऱ्यांनी उतरत जाण्याची विहीर. पाणी भरणे, कपडे धुणे, सुखदुःख सांगणे हे सर्व तिच्या पायऱ्यांवर होत असे. नळ आल्यावर मराठवाड्यातील शेकडो बारवा गावाच्या नजरेतून उतरल्या.

अंबडचा धडा भोकरदन आणि जालन्याहून वेगळा आहे. जुन्या दगडी वास्तूवर रंगाचा हात फिरवणे म्हणजे तिची सेवा नव्हे. ऑइल पेंटचा थर दगडाचा श्वास कोंडतो. आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. बारवेचे रूप पालटायचे ते झुडुपे काढून, गाळ उपसून, प्रकाशाची सोय करून, आणि भोवताली बसायला जागा करून. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून एक खिळाही ठोकू नये. अलीकडच्या वर्षांत महाशिवरात्रीच्या सुमारास राज्यातील अनेक बारवा नागरिकांनी स्वच्छ करून पणत्यांनी उजळल्या. ज्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी वरच्या काठावर बसून तो प्रकाश पाहावा आणि नातवंडांना आपल्या काळच्या पाणवठ्याची हकिगत सांगावी. सर्वांत वरच्या पायरीलाही आपला मान आहे.

इतरत्र काय घडले?

आता जिल्ह्याबाहेर नजर टाकू, कारण हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. सातारा जिल्ह्यातील भिलार हे महाबळेश्वर–पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून खुले झाले. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाचा हा उपक्रम. लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके ठेवली गेली, आणि त्या जागांच्या भिंती चित्रकारांनी साहित्यप्रकारांनुसार रंगवल्या. कवितेचे घर वेगळे दिसते, विनोदाचे वेगळे. पाहुणा चित्र पाहून थांबतो, थांबला की बसतो, आणि बसला की वाचतो. ज्येष्ठ वाचकांसाठी यातील मर्म 'थांबणे' आणि 'बसणे' या दोन क्रियापदांत आहे. पुढे हीच कल्पना इतर गावी नेण्यात आली. त्यांपैकी वेरूळ तर जालनेकरांच्या शेजारीच आहे.

विदर्भातील चंद्रपूर आणि बल्लारशाह या रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर ताडोबाचे वाघ, जंगल आणि तेथील लोकजीवन चितारण्यात आले. २०१८ मध्ये रेल्वेच्या सौंदर्यस्पर्धेत या दोन्ही स्थानकांना देशात पहिला क्रमांक विभागून मिळाला. दुसऱ्या क्रमांकात बिहारमधील मधुबनीचे स्थानक होते. तेथे २०१७ मध्ये गावोगावच्या मिथिला चित्रकारांनी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांनी, हजारो चौरस फुटांच्या भिंती रंगवल्या. एकेकाळी अस्वच्छतेसाठी ओळखले जाणारे स्थानक पाहण्यासाठी लोक येऊ लागले.

मधुबनीचे ते काम कलावंतांनी श्रमदानाने केले, ही गोष्ट गौरवाची आहे आणि विचार करायला लावणारीही. गवंड्याला, वीजजोडणी करणाऱ्याला आपण मजुरी देतो. मग चित्रकाराकडून सेवाभावाचीच अपेक्षा का करावी? ज्याचे पोट रंगावर चालते, त्याला ठरवून मोबदला द्यावा. चित्राच्या कोपऱ्यात त्याचे नाव असावे. दाम मिळालेला कलावंत पावसाळ्यानंतर उडालेला रंग दुरुस्त करायलाही येतो. सांचीच्या कारागिरांचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्या गल्लीतील पेंटरचे निदान दहा वर्षे टिकावे.

वयस्क डोळ्यांसाठी चित्र

भिंत रंगली की ज्येष्ठांची सोय झाली, असे मात्र समजू नये. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश कमी होतो. निळा आणि हिरवा यांच्या फिक्या छटा एकमेकींत मिसळतात. म्हणून आकृती मोठ्या असाव्यात, रंगांत ठळक फरक असावा, आणि मजकूर असल्यास हातभर अंतरावरून नव्हे, रस्त्याच्या पलीकडून वाचता यावा.

दुसरी खबरदारी जमिनीची. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फरशीवरचा काळा पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो आणि चकाकणारी फरशी ओली वाटू शकते. ती व्यक्ती तेथेच थबकते, किंवा पाऊल उंच टाकून तोल गमावते. त्यामुळे पायवाटेवर गडद नक्षी किंवा खोलीचा आभास देणारी चित्रे काढू नयेत. चित्र भिंतीवर असावे, जमीन एकरंगी, खडबडीत आणि सपाट असावी. अपवाद एकच: पायरीची कड. ती जमिनीहून वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाने जरूर रंगवावी.

तिसरी गोष्ट बाकाची. बसण्याची पाटी जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटर उंच असावी, पाठीला आधार असावा, आणि उठताना जोर देण्यासाठी दोन्ही बाजूंना हात असावेत. जालन्याच्या उन्हाळ्यात लोखंड आणि दगड तापतात. म्हणून बसण्याचा भाग लाकडाचा असावा आणि वर झाडाची किंवा छपराची सावली असावी. रंगांविषयीही एक सूचना: भारतात २०१७ च्या अखेरीपासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित केले आहे. डब्यावरची नोंद पाहूनच रंग घ्यावा. शक्यतो पाण्यात कालवण्याचा निवडावा.

काय रंगवावे?

येथे ज्येष्ठ हे केवळ लाभार्थी नसतात. तेच मूळ संहितेचे धनी असतात. मराठवाड्यातील नव्वदीच्या घरातील माणसाला निजामी राजवटीचा हाली शिक्का आठवतो आणि १७ सप्टेंबर १९४८ चा तो दिवसही. सत्तरी ओलांडलेल्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे: खडी फोडण्याची कामे, वाटली जाणारी सुकडी, कोरड्या पडलेल्या विहिरी. जालन्यातून जाणारी मीटरगेजची गाडी, मोटेचे पाणी, आठवडी बाजारातील बैलजोड्या. यांतील पुष्कळसे कोणत्याही पुस्तकात नाही. ते सांगणारी पिढी दरवर्षी विरळ होत आहे, आणि ही खरी निकड आहे. चित्रकाराने भिंतीला हात लावण्यापूर्वी गल्लीतील चार आजी-आजोबांसमोर बसावे, त्यांचे ऐकावे, कच्चे रेखाटन त्यांना दाखवावे. 'मोटेचा सोंदूर असा नसतो रे बाबा,' असे कोणी म्हणाले, तर ते चित्र गावाचे झाले असे समजावे.

घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना अशा भिंतीचा आणखी एक उपयोग आहे. रस्त्यांची नावे विसरली तरी ठळक खूण पुष्कळ काळ ओळखू येते. 'बैलगाडीच्या चित्रापाशी वळायचे' हे ध्यानात राहू शकते. शिवाय रोजच्या फेरीत बोलण्याला विषय मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांविषयीच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणे आणि आजारपण सांभाळणे या दोन्हींत कलेची मदत होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. कला औषधाची जागा घेणार नाही, हे उघड आहे. पण औषध घेतल्यावर घराबाहेर पाऊल टाकायला ती कारण देऊ शकते.

आरंभ कसा करावा?

सुरुवात लहान असावी: एक भिंत, एक बाक, एक दिवा. जागेच्या मालकाची, मग तो महानगरपालिका असो, ग्रामपंचायत असो वा शाळा, लेखी परवानगी घ्यावी. राज्यात मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. चांगल्या हेतूने काढलेले चित्रही परवानगीवाचून काढू नये. त्यानंतर आठ-दहा घरांनी वर्गणी ठरवावी. मोबदला आगाऊ किती आणि काम झाल्यावर किती, हे कागदावर लिहावे. थोडी रक्कम पुढील वर्षाच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवावी. काम हिवाळ्यात करावे. रंग नीट वाळतो आणि ज्येष्ठांना उन्हात खुर्ची टाकून देखरेखही करता येते. ती देखरेख हा उपक्रमाचा सर्वांत आरोग्यदायी भाग ठरण्याचा संभव आहे.

जागा कोणती निवडावी, असे आपण विचाराल. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. या आठवड्यात एका सकाळी आपल्या घरातील ज्येष्ठांसोबत, त्यांच्याच गतीने, त्यांना झेपेल तेवढे चाला. ते जेथे प्रथम थांबतील आणि टेकायला काही शोधतील, तेथे खडूने एक खूण करा. मग भोवताली नजर टाका. जवळच एखादी उदास भिंत असेल. पहिला बाक तेथे ठेवा, आणि गावातील पेंटरला तीच भिंत दाखवा.